‘एका तासा’मागची पंचवीस वर्षे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१९६५च्या भारत-पाक युद्धाला साठ वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत हवाई दलाचे तत्कालीन प्रमुख अर्जन सिंग यांच्यावर आलेला लेख मी दोनदा वाचला. मी स्वतः १९६८ साली इंजिन फिटर म्हणून हवाई दलात भरती झालो आणि वॉरंट ऑफिसर या हुद्द्यावरून निवृत्त झालो. हवाई दलावर मराठीत फारसे लिहिले जात नाही ही माझी जुनी खंत असल्यामुळे आपण या विषयाला अर्धे पान दिलेत याबद्दल प्रथम मनापासून आभार मानतो. मात्र त्या अर्ध्या पानात जे आले आहे त्याबद्दल आणि त्याहून अधिक जे आलेले नाही त्याबद्दल काही लिहिणे मला आवश्यक वाटते.

किरकोळ गोष्ट आधी उरकतो. लेखात नाव सर्वत्र ‘अर्जुन सिंग’ असे छापले आहे. ते अर्जन सिंग. महाभारताच्या संस्कारामुळे आपली लेखणी आपोआप उकार देऊन टाकते हे मी समजू शकतो (आमच्या घरी आलेल्या एका लग्नपत्रिकेवरही असाच एक अर्जन ‘अर्जुन’ झाला होता), परंतु ज्या माणसाच्या नावाने पश्चिम बंगालमधला पानागढचा हवाई तळ २०१६पासून ओळखला जातो, त्याचे नाव तरी तळाच्या पाटीवर आहे तसे छापायला हवे.

दुसरी चूक किरकोळ नाही. युद्धातील कामगिरीबद्दल त्यांना लगेच ‘मार्शल’ हा पंचतारांकित हुद्दा देण्यात आला, असे लेखात म्हटले आहे. वस्तुस्थिती अशी की, युद्धाच्या वेळी अर्जन सिंग एअर मार्शल होते, म्हणजे तीन तारे. हवाई दल प्रमुखाचा हुद्दाच तेव्हा तेवढा होता. १९६६च्या जानेवारीत हे पद एअर चीफ मार्शल या चार ताऱ्यांच्या हुद्द्याचे करण्यात आले आणि त्या हुद्द्याचे ते पहिले अधिकारी ठरले. पाचवा तारा, म्हणजे मार्शल ऑफ द एअर फोर्स हा हुद्दा, त्यांना २००२च्या जानेवारीत मिळाला. त्या वेळी ते ८२ वर्षांचे होते आणि प्रमुखपद सोडून त्यांना जवळजवळ ३३ वर्षे झाली होती. आजवर हा हुद्दा दुसऱ्या कोणालाही मिळालेला नाही. एअर मार्शल, एअर चीफ मार्शल आणि मार्शल ऑफ द एअर फोर्स हे तीन शब्द कानाला सारखे लागतात म्हणून ते एकमेकांच्या जागी वापरले, तर वाचकाच्या मनात या माणसाच्या आयुष्यातली तीन-साडेतीन दशके नाहीशी होतात.

आता मूळ मुद्दा. लेखाचा सगळा भर पदांच्या आणि पदकांच्या यादीवर आहे आणि शेवट त्या प्रसिद्ध उत्तरावर आहे. जम्मूच्या बाजूच्या छांब विभागात पाकिस्तानी रणगाडे घुसले असताना, हवाई दलाला मदतीला यायला किती वेळ लागेल असे विचारले गेले आणि अर्जन सिंग यांनी शांतपणे सांगितले, एक तास. हा प्रसंग खरा आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. परंतु तो एखाद्या नाटकातल्या टाळीच्या वाक्यासारखा सांगितला की त्या उत्तराचे वजन कळत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, हे उत्तर देणाऱ्या माणसाला त्या एका तासात आपल्या वैमानिकांवर काय येऊ शकते याची पुरेपूर कल्पना होती, कारण तेच काम त्याने स्वतः, विमानात बसून, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी केले होते. त्याची कारकीर्द वाचायची तर ती अशी वाचावी लागते.

१५ एप्रिल १९१९ रोजी आज पाकिस्तानात असलेल्या लायलपूर (आताचे फैसलाबाद) येथे त्यांचा जन्म झाला. घराण्यात घोडदळाची परंपरा होती. कॉलेजात शिकत असतानाच वयाच्या १९व्या वर्षी त्यांची इंग्लंडमधील क्रॅनवेल येथील रॉयल एअर फोर्सच्या कॉलेजसाठी निवड झाली आणि १९३९च्या डिसेंबरात ते वैमानिक अधिकारी होऊन बाहेर पडले. त्या वेळी भारतीय हवाई दलाचे वय जेमतेम सात वर्षांचे होते आणि त्याची पहिली स्क्वाड्रन वापिती नावाच्या दुपंखी विमानांवर वायव्य सरहद्दीत काम करत होती. ही विमाने इतकी सावकाश आणि इतकी खालून जात की, डोंगरावर बसलेल्या टोळीवाल्याच्या साध्या रायफलीची गोळीही इंजिनात शिरू शकत असे. अर्जन सिंग यांच्या बाबतीत तसेच झाले. गोळी लागली, विमान नदीच्या पात्रात उतरवावे लागले, तोंडाला जखम झाली आणि दोनेक आठवड्यांत ते पुन्हा उडू लागले. जमिनीवरच्या फौजेला वरून मदत करणे म्हणजे काय, याचा हा त्यांचा पहिला धडा.

दुसरा धडा इंफाळचा. १९४४ साली जपानी सैन्याने इंफाळला वेढा घातला, रस्ते तोडले आणि शहराची व सैन्याची सगळी रसद विमानाने आणावी लागली. तेव्हा त्याच पहिल्या स्क्वाड्रनचे नेतृत्व पंचविशीतल्या अर्जन सिंग यांच्याकडे होते. विमाने हरिकेन. काम मुख्यतः टेहळणीचे आणि शत्रूच्या ठाण्यांवर माऱ्याचे, तेही अशा डोंगराळ जंगलात की जिथे शत्रू कुठे संपतो आणि आपले जवान कुठे सुरू होतात हे वरून ओळखणे कठीण. इंफाळच्याच तळावर लॉर्ड माउंटबॅटन यांनी त्यांच्या छातीवर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस लावला. आपल्या लेखात या पदकाचा उल्लेख आहे, पण ते कशासाठी मिळाले याचे एकही वाक्य नाही.

यानंतरची एक गोष्ट आपल्या लेखकांनी वगळली, बहुधा ती गौरवाच्या लेखात शोभणार नाही असे वाटून. १९४५ साली मलबारात, म्हणजे आजच्या केरळात, एका घरावरून फार खाली विमान उडवल्याबद्दल अर्जन सिंग यांच्यावर कोर्ट मार्शलची वेळ आली होती. हाताखालच्या तरुणाचे मनोधैर्य वाढावे म्हणून आपण तसे केले, असा त्यांचा बचाव होता. आमच्यासारख्या जमिनीवर काम करणाऱ्या माणसाला ही गोष्ट वाचून हसू येत नाही. विनाकारण खाली उडवलेल्या विमानांचे अवशेष गोळा करण्याचे काम शेवटी फिटर आणि रिगर (विमानाचा सांगाडा सांभाळणारे) यांच्याच वाट्याला येते. परंतु म्हणूनच ती गोष्ट लेखात यायला हवी होती. पुढे ज्याच्या शिस्तीचे आणि शांतपणाचे दाखले दिले गेले, तो माणूस पंचविशीत असताना एकदा घसरला होता आणि तरीही सेवेत टिकला, हे कळल्याने त्याची उंची कमी होत नाही.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्लीच्या आकाशात शंभराहून अधिक विमानांनी दिलेल्या सलामीचे नेतृत्व त्यांनी केले, त्यानंतर अंबाला तळाची जबाबदारी घेतली, आणि १९४९ ते १९५२ व पुन्हा १९५७ ते १९६१ अशी दोनदा त्यांनी हवाई दलाच्या लढाऊ विभागाची, म्हणजे पुढे ज्याला पश्चिम विभाग म्हटले गेले त्याची, सूत्रे सांभाळली. १९६५मध्ये जिथे लढाई झाली ते पंजाब आणि जम्मूच्या परिसरातील तळ याच विभागातले. ते तळ, त्यांच्या धावपट्ट्या, कोणत्या तळावरून कुठे पोहोचायला किती मिनिटे लागतात, हे सारे त्यांना नकाशा न पाहता ठाऊक असणार. १ ऑगस्ट १९६४ रोजी वयाच्या ४५व्या वर्षी ते प्रमुख झाले, आणि प्रमुखपदी असतानाही त्यांनी वैमानिक म्हणून आपली उड्डाणाची पात्रता कायम राखली. अशा प्रकारे उडते राहणारे ते पहिलेच प्रमुख. एकंदर साठहून अधिक प्रकारची विमाने त्यांनी चालवली.

आता १ सप्टेंबर १९६५. त्या दिवशी पहाटे पाकिस्तानने छांब विभागात तोफखाना आणि रणगाडे यांच्या साह्याने मोठा हल्ला चढवला. लक्ष्य होते चिनाब नदीवरचे अखनूर. ते पडले असते तर पूंछ-राजौरीकडे जाणारी वाट तुटली असती. दुपारी चारच्या सुमारास दिल्लीत संरक्षणमंत्र्यांच्या दालनात लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि अर्जन सिंग आले. समोर बसले होते यशवंतराव चव्हाण. १९६२च्या पराभवानंतर ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ असे आपण अभिमानाने म्हणतो, ते हेच यशवंतराव; आणि १९६२च्या त्या युद्धात आपल्या लढाऊ विमानांना हल्ल्यासाठी उडूच दिले गेले नव्हते, हेही आठवले पाहिजे. हवाई दल लढाईत उतरवायचे म्हणजे युद्धाची व्याप्ती वाढवायची, ही भीती दिल्लीत खोलवर रुजलेली होती. यशवंतरावांनी ती परवानगी फारसा वेळ न घालवता दिली. सायंकाळी ५ वाजून १९ मिनिटांनी पठाणकोटच्या धावपट्टीवरून पहिली विमाने उडाली. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्या भागात सूर्य पावणेसात-सातच्या दरम्यान मावळतो, तेव्हा हाताशी उजेड होता तो जेमतेम दीड तासाचा. ‘एक तास’ या शब्दांचा खरा अर्थ हा आहे. दोन तास लागतील असे म्हणणे म्हणजे उद्या सकाळी येतो असे म्हणण्यासारखे झाले असते, आणि उद्या सकाळपर्यंत अखनूर आपल्याकडे राहीलच याची खात्री कोणाला नव्हती.

यशवंतरावांनी पुढे अर्जन सिंग यांच्याविषयी शांत, ठाम आणि कार्यक्षम सेनानी अशा आशयाचे मत नोंदवून ठेवले आहे. मराठी वाचकासाठी या कारकिर्दीतला सर्वांत जवळचा धागा हाच आहे आणि नेमका तो आपल्या लेखात एका अर्ध्या वाक्यात आटोपला आहे. हृषीकेश मुळगावकर, प्रदीप नाईक किंवा विवेक राम चौधरी हवाई दल प्रमुख झाले तेव्हा आपण मराठी माणूस म्हणून त्यांचे योग्य ते कौतुक केले. एका पंजाबी सेनानीने मागितलेली आणि एका कराडच्या मंत्र्याने दिलेली ती परवानगी मात्र आपल्याला तेवढी आपली वाटत नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

परंतु या तासाची किंमतही सांगितली पाहिजे. पहिल्यांदा पाठवली गेली ती व्हॅम्पायर विमाने होती. ज्यांनी ती हाताळली नाहीत त्यांना सांगतो: व्हॅम्पायर हे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बनलेले जेट, त्याच्या पुढच्या भागाचा सांगाडा चक्क प्लायवूड आणि हलक्या लाकडाचा. जमिनीवर मारा करायला ते बरे, पण पाकिस्तानकडच्या सेबरसारख्या लढाऊ जेट विमानाशी हवेत गाठ पडली तर निभाव लागणे कठीण. त्या संध्याकाळी तशी गाठ पडली. चार व्हॅम्पायर परत आली नाहीत. फ्लाइट लेफ्टनंट ए. के. भागवागर, फ्लाइट लेफ्टनंट व्ही. एम. जोशी आणि फ्लाइट लेफ्टनंट एस. भारद्वाज हे तिघे मृत्यू पावले. शिवाय धूर, धूळ आणि जमिनीवरील तुकड्यांशी थेट बोलण्याची अपुरी सोय यांमुळे आपल्याच सैन्याच्या काही वाहनांवरही मारा झाला. दुसरीकडे, व्हॅम्पायर आणि त्यांच्यामागून गेलेली फ्रेंच बनावटीची मिस्टेअर विमाने यांच्या माऱ्याने शत्रूच्या पुढे सरकण्याला खीळ बसली आणि अखनूर हाती राहिले. हे दोन्ही एकाच संध्याकाळी, एकाच निर्णयातून घडले. त्यानंतर व्हॅम्पायर आघाडीवरून मागे घेण्यात आली.

मी नोकरीत रुजू झालो तेव्हा आमचे एक सार्जंट असे होते की, जे त्या संध्याकाळी पठाणकोटला डिस्पर्सलवर, म्हणजे विमाने विखरून उभी करतात त्या जागी, होते. ते फार बोलत नसत. एकदा रात्रपाळीत चहा पिताना त्यांनी सांगितलेली गोष्ट मला अजून आठवते. विमान उडण्यापूर्वी वैमानिक फॉर्म ७०० या नोंदवहीत सही करतो आणि मग ते विमान फिटरकडून त्याच्या ताब्यात जाते. परतल्यावर पुन्हा नोंद होते आणि ते आमच्याकडे येते. त्या संध्याकाळी चाकांखालचे ठोकळे हातात घेऊन माणसे धावपट्टीच्या टोकाकडे पाहत उभी होती, अंधार पडला तरी उभी होती, आणि टेबलावर काही वह्या पहिल्या सहीवरच उघड्या पडून होत्या. त्या वह्या बंद करायचे काम कोणी अंगावर घ्यायला तयार होईना, असे सार्जंट म्हणाले आणि कप विसळायला उठले.

लेखात ६ सप्टेंबरचाही उल्लेख नाही. त्या दिवशी संध्याकाळी पाकिस्तानी सेबर विमानांनी पठाणकोट तळावर अचानक हल्ला केला आणि आपली सुमारे दहा विमाने जमिनीवरच नष्ट झाली, त्यांत नुकतीच आलेली दोन मिग-२१ होती. दुसऱ्याच दिवशी पश्चिम बंगालमधील कलाईकुंडा येथेही असेच नुकसान झाले. प्रमुख या नात्याने याची जबाबदारी अर्जन सिंग यांच्यापर्यंत पोहोचते हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यापुढची गोष्टही सांगावी लागते, आणि ती मी माझ्या हातांनी केलेल्या कामावरून सांगू शकतो. युद्धानंतर आघाडीच्या तळांवर विमाने ठेवण्यासाठी जाड काँक्रीटची आच्छादने बांधली गेली. आम्ही त्यांना ब्लास्ट पेन म्हणत असू. डिसेंबर १९७१ मध्ये मी पंजाबमधील एका तळावर अशाच एका पेनमध्ये नॅट विमानाच्या इंजिनावर काम करत होतो. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी शत्रूची विमाने आली तेव्हा आमच्या डोक्यावरून माती गळाली, कंदील विझला, आणि विमानाला ओरखडाही आला नाही. तोवर अर्जन सिंग निवृत्त झाले होते आणि प्रमुखपदी पी. सी. लाल होते. पण ६ सप्टेंबरचा धडा गिरवला गेला होता आणि त्याचा लाभ आम्हाला झाला. सेनापतीचे मोठेपण त्याच्या चुकांनंतर काय बांधले गेले यावरही मोजले जावे, असे माझे मत आहे. आपल्या लेखकांना ते मान्य असेलच असे नाही.

१९६९च्या जुलैत, वयाच्या पन्नाशीत, पाच वर्षे प्रमुखपद सांभाळून ते निवृत्त झाले. त्यानंतर स्वित्झर्लंड आणि व्हॅटिकन येथे राजदूत, केनियात उच्चायुक्त, अल्पसंख्याक आयोगाचे सदस्य आणि १९८९-९० मध्ये दिल्लीचे नायब राज्यपाल ही पदे त्यांनी भूषवली. आपल्या लेखाचा जवळजवळ तिसरा हिस्सा या पदांवर खर्च झाला आहे. माझ्या मते ती दोन ओळींत मावतात. त्याऐवजी एक गोष्ट सांगायला हवी होती. त्यांनी दिल्लीजवळची आपली शेती विकून २ कोटी रुपयांचा न्यास केला आणि तो हवाई दलातील निवृत्त कर्मचारी व त्यांच्या कुटुंबीयांच्या मदतीसाठी ठेवला. आमच्यासारख्या पेन्शनरांच्या बैठकीत त्यांचे नाव निघते ते बहुधा या संदर्भात.

पाच तारे मिळालेला अधिकारी नियमानुसार कधीच निवृत्त होत नाही. तो हयात असेपर्यंत गणवेशाचा हक्कदार असतो. हे ठाऊक असले की २०१५च्या जुलैमधले पालम विमानतळावरचे ते दृश्य नीट कळते. माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांचे पार्थिव दिल्लीत आणले होते आणि ९६ वर्षांचे अर्जन सिंग चाकाच्या खुर्चीतून अंत्यदर्शनाला आले होते. पार्थिवासमोर आल्यावर ते आधार घेत खुर्चीतून उठले आणि त्यांनी सलाम केला. हात थोडा थरथरत होता, तळवा मात्र सरळ होता. मी ते दूरदर्शनवर पाहिले, आणि माझ्या नकळत मीही खुर्चीतून उठलो होतो, हे माझ्या नातवाने मला नंतर सांगितले. १६ सप्टेंबर २०१७ रोजी, वयाच्या ९८व्या वर्षी, दिल्लीतील लष्करी रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

माझी आपणांस विनंती आहे की, नावाची आणि हुद्द्याची दुरुस्ती आपण पुढील अंकात छापावी. त्याचबरोबर येत्या १ सप्टेंबरला जर आपण या विषयावर पुन्हा काही प्रसिद्ध करणार असाल, तर ‘एक तास’ या चौकटीशेजारी त्या तासाभरात उडालेल्या आणि परत न आलेल्या तिघा वैमानिकांची नावे द्यावीत. जागा कमी असेल तर पदकांच्या यादीतल्या दोन-तीन ओळी गाळाव्यात. मार्शल अर्जन सिंग यांची त्याला हरकत असती असे मला वाटत नाही.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त वॉरंट ऑफिसर
नाशिक